झोपेचे सोंग घेणारी यंत्रे आणि न्यू टाउनचे सिलिकॉन स्वप्न

२१ सप्टेंबर २०२४ रोजी अमेरिकेतील विल्मिंग्टन येथे भारताचे पंतप्रधान आणि अमेरिकेचे अध्यक्ष यांची भेट झाली. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या संयुक्त निवेदनात कोलकात्याचे नाव आले. ‘ग्लोबलफाउंड्रीज’ ही चिपनिर्माती कंपनी तेथे ‘जीएफ कोलकाता पॉवर सेंटर’ उभारणार, आणि त्यातून कमी उत्सर्जनाची वाहने, आयओटी उपकरणे, कृत्रिम बुद्धिमत्ता व डेटा सेंटर या क्षेत्रांतील संशोधनाला बळ मिळणार, असा त्या निवेदनाचा आशय होता. तेव्हापासून महानगराच्या ईशान्येला वसलेल्या न्यू टाउनकडे चिप-उद्योगाची नवी भूमी म्हणून पाहिले जाऊ लागले. तयारी आधीपासूनच होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तेथे ‘बेंगॉल सिलिकॉन व्हॅली हब’ची पायाभरणी झाली, आयआयटी खरगपूरचे रिसर्च पार्क तेथेच आहे, टीसीएसचे ‘गीतांजली पार्क’ तेथे आहे आणि डिसेंबर २०२४ मध्ये इन्फोसिसचे केंद्रही तेथे सुरू झाले. जमीन आहे, इमारती आहेत, घोषणा तर आहेतच.

या साऱ्या घोषणांत एक प्रश्न मात्र कुणी विचारताना दिसत नाही. या चिपांवर चालणारे उपकरण झोपी गेल्यावर त्याला जागे कोण करणार?

प्रश्न विनोदी वाटेल. पण बॅटरीवर चालणाऱ्या कोणत्याही उपकरणाचे आयुष्य त्याच्या झोपेवर ठरते, आणि त्याची उपयुक्तता त्याच्या जागे होण्यावर. ही जागृती ज्या कोडमधून घडते, त्याला ‘डिव्हाइस ड्रायव्हर’ म्हणतात. आणि झोपलेल्या प्रोसेसरला बाहेरून जी हाक ऐकू जाते, तिला ‘हार्डवेअर इंटरप्ट’. या दोहोंच्या सांध्यावर जे दोष उद्भवतात ते शोधणे हे एम्बेडेड अभियांत्रिकीतील सर्वांत किचकट आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. भारतातील चिप-चर्चेने ते कारकुनी समजून बाजूला सारले आहे. त्याहून वाईट असे की, उपकरण नीट जागे होत नसेल तर त्याला झोपूच द्यायचे नाही, हा ‘उपाय’ व्यवहारात प्रतिष्ठा पावला आहे. हा उपाय म्हणजे लबाडी आहे, आणि तिची किंमत ज्याच्या खांद्यावर पडते तो त्या खोलीत हजर नसतो.

कोलकात्याला ही गोष्ट दूरची नाही. आशियाई विकास बँकेच्या साहाय्याने या शहरासाठी पूर-पूर्वानुमानाची यंत्रणा उभी राहिली. पंपिंग स्टेशनांवर आणि कालव्यांवर संवेदक बसवून पाण्याची वार्ता अधिकाऱ्यांपर्यंत तत्काळ पोहोचवावी, ही तिची कल्पना. २२ आणि २३ सप्टेंबर २०२५ च्या रात्री, दुर्गापूजेच्या तोंडावर, याच शहरात एका दिवसात सुमारे २५० मिलिमीटर पाऊस कोसळला. रस्त्यांवर तुंबलेल्या पाण्यात वीज उतरली आणि तिच्या धक्क्याने अनेकांचे प्राण गेले. त्या रात्री कोणता संवेदक कसा वागला हा येथे विषय नाही. विषय असा आहे की अशा शहरात ‘पाणी वाढले’ ही हाक झोपलेल्या यंत्राने ऐकणे ही अभियंत्यांची हौस नसून नागरिकांचा हक्क आहे.

समजा, न्यू टाउनच्या कडेने वाहणाऱ्या बागजोला खालाच्या काठी एक छोटे जलपातळीमापक बसवले आहे. आत लिनक्सवर चालणारा एक लहान प्रोसेसर, एक संवेदक, एक मोडेम आणि एक बॅटरी. हिशेब अगदी शाळकरी आहे. २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असेल आणि झोपेत उपकरण २० मायक्रोअँपिअर प्रवाह खात असेल, तर कागदावर ती एक लाख तास पुरते. म्हणजे अकरा वर्षांहून अधिक. (बॅटरी आपोआप झिजते ती निराळी, ते सोडून देऊ.) तेच उपकरण जागे राहून २० मिलिअँपिअर खाऊ लागले की बॅटरी शंभर तासांत संपते. शंभर तास म्हणजे धड साडेचार दिवससुद्धा नाहीत. अकरा वर्षे आणि साडेचार दिवस यांच्यामधली सारी दरी ड्रायव्हरच्या चार ओळींत मावते.

आता ही झोप कशी लागते ते पाहिले पाहिजे, कारण दोष नेमका त्या पायऱ्यांवर दबा धरून बसलेला असतो. लिनक्स कर्नल आधी चालू प्रक्रिया गोठवतो. मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला ‘आवराआवर करा’ असे सांगतो. ती आवराआवर दोन टप्प्यांत झाली की तो उपकरणांच्या इंटरप्ट-वाहिन्या बंद करतो. त्यानंतर ‘नो-आयआरक्यू’ नावाचा टप्पा येतो, म्हणजे ज्यात कोणत्याही सामान्य हाकेची भीती उरलेली नसते. मग जादा प्रोसेसर बंद होतात आणि शेवटी मुख्य प्रोसेसर डोळे मिटतो. उठताना हीच पावले उलट्या क्रमाने. ज्या वाहिनीने यंत्राला जागे करायचे आहे, ती ड्रायव्हरने आधीच ‘जागृती-वाहिनी’ म्हणून नोंदवून ठेवायची असते. झोपेच्या तयारीत ही नोंद राहून गेली तर नंतर काही करता येत नाही. ते वरातीमागून घोडे.

या वर्णनात सारे सुरळीत वाटते. प्रत्यक्षात बागजोलाच्या काठचे ते यंत्र चार तऱ्हांनी दगा देऊ शकते.

पहिली तऱ्हा साधी. यंत्र झोपते ते उठतच नाही. संवेदकाची तार प्रोसेसरच्या ज्या पिनेला जोडलेली आहे, त्या पिनेच्या गटाचा वीजपुरवठाच झोपेत तोडला जातो. हाक येते, पण कानच बंद. हा दोष मंडलाचा आराखडा काढणाऱ्याने केलेला असतो आणि त्याचे खापर ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर फुटते.

दुसरी तऱ्हा उलटी. यंत्र झोपायला जाते आणि त्याच क्षणी उठते, पुन्हा झोपायला जाते, पुन्हा उठते. इंटरप्ट दोन स्वभावांचे असतात. ‘एज’ म्हणजे कुणी दारावर एकदा थाप मारून निघून जाणे, आणि ‘लेव्हल’ म्हणजे कुणी बेलच्या बटणावर बोट दाबून उभे राहणे. दार उघडून त्याला ‘ऐकले’ असे सांगितल्याशिवाय तो बोट काढत नाही. संवेदकाने बटण दाबून ठेवले असताना ड्रायव्हर त्याची दखल न घेताच झोपायला निघाला, तर झोप कशी लागणार?

तिसरी तऱ्हा थापेची. पाणी वाढल्याची थाप नेमकी त्या क्षणात पडते, जेव्हा सामान्य वाहिनी बंद झालेली असते आणि जागृतीची व्यवस्था अजून सज्ज झालेली नसते. हा क्षण सेकंदाच्या अगदी छोट्या अंशाचा असतो. प्रयोगशाळेत हजार वेळा करून पाहा, तो सापडायचा नाही. वर्षभर पावसात टांगून ठेवा, कधीतरी सापडेलच.

चौथी तऱ्हा मात्र सर्वांत घातकी, आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. यंत्र नीट झोपते. पाणी वाढते, संवेदक बेलचे बटण दाबतो, प्रोसेसर जागा होतो. येथवर उत्तम. पण उठण्याच्या क्रमात इंटरप्ट-वाहिन्या आधी खुल्या होतात आणि संवेदकाशी बोलण्याचा मार्ग, म्हणजे ‘आय-टू-सी’ ही बस, पुष्कळदा नंतर जागी होते. वाहिनी खुली होताच ड्रायव्हरचे हाक ऐकणारे फंक्शन धावते. ते संवेदकाला विचारू पाहते की काय झाले. बस अजून झोपेत असते, वाचन फसते. काहीच वाचता आले नाही म्हणून ते फंक्शन कर्नलला कळवते की ही हाक माझी नव्हे. पण संवेदकाचे बोट तर बटणावरच आहे. त्यामुळे हाक लगेच पुन्हा येते, पुन्हा वाचन फसते, पुन्हा ‘माझी नव्हे’. कर्नल हे मोजत असतो. एक लाख हाकांपैकी ९९,९०० हाकांना कुणी धनी मिळाला नाही, की तो वाहिनी बिघडली असे समजून तिला कायमची बंद करून टाकतो आणि नोंदवहीत एक प्रसिद्ध वाक्य लिहितो, ज्याचा मराठी अर्थ ‘कोणीच दखल घेतली नाही’ असा होतो. वेगवान प्रोसेसरला एवढ्या फेऱ्या मारायला फार वेळ लागत नाही.

यानंतर जे घडते ते भयंकर आहे, कारण काहीच घडत नाही. यंत्र जिवंत असते. त्याच्या आतले घड्याळ त्याला ठरल्या वेळी उठवते, ते ‘मी ठीक आहे’ असा संदेश पाठवते, नियंत्रणकक्षातील पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवा दिवा असतो. बॅटरीही भरलेली. फक्त पाण्याची हाक त्याला आता कधीच ऐकू येणार नाही. ते बहिरे झाले आहे आणि त्याच्या बहिरेपणाची बातमी देणारे ते एक वाक्य त्याच्याच पोटातल्या नोंदवहीत पडून आहे, जी कुणी वाचत नाही.

या दोषाचा खरा इलाज ठाऊक आहे आणि तो लहान आहे. झोपताना ड्रायव्हरने आपली हाक थोपवून ठेवायची, पण जागृतीची तार सज्ज करायची. उठताना बस जागी झाल्याची खात्री पटल्यावरच थोपवलेली हाक मोकळी करायची. चार ओळी. (काही इंटरप्ट-नियंत्रकांवर त्यासाठी आणखी काळजी घ्यावी लागते, पण तत्त्व हेच.) मात्र त्या चार ओळी कुठे लिहायच्या हे कळायला तीन आठवडे लागू शकतात, आणि तेथेच लबाडीला वाट मिळते.

लबाडीची एक ठरलेली पद्धत आहे. लिनक्समध्ये वाहिनी नोंदवताना ‘नो-सस्पेंड’ नावाची एक खूण लावता येते. झोपेच्या तयारीत ही वाहिनी बंद करू नये, एवढाच तिचा अर्थ. ती घड्याळासारख्या मोजक्या मूलभूत वाहिन्यांसाठी आहे. कर्नलच्या ऊर्जाविभागाचे प्रमुख रफाएल विसॉत्स्की यांनी २०१४ मध्ये लिहिलेल्या छोट्या टिपणात हे स्वच्छ सांगितले आहे: या खुणेने यंत्र जागे होईलच याची हमी मिळत नाही, शिवाय एकाच वाहिनीवर अनेक उपकरणे असतील तर तिचा परिणाम सर्वांवर होतो. जागे करण्यासाठी निराळी सोय आहे आणि तीच वापरावी. टिपण काही पानांचेच आहे. तरीही यंत्र उठत नाही असे दिसताच पहिली धाव या खुणेकडे असते. कधी ती लागू पडल्यासारखी वाटते, कारण दोष जागा बदलून दुसऱ्या ड्रायव्हरात जातो. नाहीच जमले तर ड्रायव्हर झोपेच्या विनंतीलाच नकार देऊ लागतो, किंवा एक ‘जागरण-कुलूप’ घेऊन ते कधी सोडतच नाही. तक्रार मिटते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. यंत्र आता कधी चुकत नाही, कारण ते कधी झोपतच नाही. बाहेरून मात्र दिवे मालवून, पडदा विझवून झोपल्यासारखे दिसते. झोपलेल्याला उठवता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही, असे मराठीत म्हणतात. ती म्हण इतक्या शब्दशः कुठे लागू पडली नसेल.

अकरा वर्षांची बॅटरी साडेचार दिवसांवर येते ती अशी. मग कुणीतरी भर पावसात त्या खांबावर चढून बॅटरी बदलतो. त्याला ‘नो-सस्पेंड’ ठाऊक नसते.

या टीकेवर तीन उत्तरे हमखास दिली जातात.

पहिले असे की बॅटरी मोठी लावा, वर सौरपटल बसवा, आजकाल ते स्वस्त आहे. बंगालच्या पावसाळ्यात आठवडा-आठवडा ढग हटत नाहीत, आणि जलपातळीमापकाची गरज त्याच आठवड्यात असते. ज्या दिवशी ऊन लख्ख असते त्या दिवशी ते यंत्र नसले तरी चालते. शिवाय सौरपटल लावल्याने चौथ्या तऱ्हेचा बहिरेपणा जात नाही. बहिऱ्याला भरपेट जेवू घातले तरी तो बहिराच राहतो.

दुसरे उत्तर जरा भारदस्त आहे. चिप विकणारी कंपनी सोबत सॉफ्टवेअरचा तयार संच देतेच, झोप-जागृती तीच सांभाळते, आपल्या मुलांनी त्यात डोके का घालावे? या उत्तरात अर्धे सत्य आहे. विक्रेता आपल्या चिपपुरते सांभाळतो. पण त्या चिपच्या कोणत्या पिनेला कोणता संवेदक जोडला, त्याची हाक थापेची की बटणाची, तिला वर ओढणारा रोधक कोणत्या वीजपुरवठ्यावर बसवला, तो पुरवठा झोपेत चालू राहतो की तुटतो, हे विक्रेत्याला ठाऊक असण्याचा संभवच नाही. हे सारे त्या एका मंडलाचे खासगी गुपित असते. दोष नेहमी तेथेच निघतो. आणि हा किरकोळ तपशील आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लिनक्सचाच इतिहास आठवावा. अँड्रॉइडने आणलेले ‘वेकलॉक’ मूळ कर्नलमध्ये घ्यावेत की नाही, यावरचा वाद २००९-१० मध्ये पेटला. प्रश्न वरच्या तिसऱ्या तऱ्हेच्याच कुळातला होता: यंत्र झोपायला निघालेले असताना वाटेत हाक आली तर ती हरवू नये याची हमी कशी द्यायची? जगातील उत्तमोत्तम प्रोग्रॅमर त्यावर हमरीतुमरीवर आले. २०१० मधील २.६.३६ या आवृत्तीत जागृतीच्या घटना मोजण्याची सोय आली, आणि अँड्रॉइडला पचेल अशी स्वयंचलित झोप २०१२ मधील ३.५ या आवृत्तीत. किरकोळ तपशिलासाठी कुणी एवढी वर्षे भांडत नाही.

तिसरे उत्तर राष्ट्रीय आहे: आधी फॅब येऊ द्या, बाकीचे मागून येईल. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर आणि डिस्प्ले क्षेत्रासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, त्यात चिप-रचनेसाठीही तरतूद आहे, आणि हा निर्णय योग्यच होता. २०२३ मध्ये एआयसीटीईने व्हीएलएसआय रचनेचा स्वतंत्र बी.टेक. अभ्यासक्रम आखला, तेही चांगले. पण ‘मागून येईल’ ही गोष्ट आपोआप येत नसते. डेटा सेंटर वीज खाते आणि जागेच राहते, त्याला झोपेची विद्या फारशी लागत नाही. ज्या निवेदनात कोलकात्याच्या केंद्राचे नाव आले, त्यातच ‘आयओटी उपकरणे’ हे शब्द आहेत, आणि आयओटी उपकरण म्हणजे दिवसाचे बहुतेक तास झोपणारे उपकरण. चिप बंगालमध्ये रचली, गुजरातेत घडवली, आसामात बंदिस्त केली आणि शेवटी ती ज्या खोक्यात बसली ते खोके झोपेचे सोंगच घेत असेल, तर स्वदेशी कशाला म्हणायचे?

याचे मूळ वर्गात आहे. भारतातील इलेक्ट्रॉनिक्सचा कोणताही पदवीधर इंटरप्ट म्हणताच ८०८५ आठवतो. इंटेलने १९७६ मध्ये आणलेला हा प्रोसेसर पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रश्नपत्रिकांत अजरामर झाला. ट्रॅप, आरएसटी ७.५, ६.५, ५.५, त्यांचा अग्रक्रम, आणि ७.५ चा पत्ता ००३सी. ही संध्या अनेकांना झोपेत उठवले तरी म्हणता येते. गंमत अशी की त्या कोष्टकातच सारे बीज आहे. ७.५ ही थापेची हाक, ६.५ आणि ५.५ या बटणाच्या. विद्यार्थी हे दहा गुणांसाठी पाठ करतो, पण त्यातून दार ठोठावणारा आणि बेल दाबून धरणारा यांच्यात काय फरक पडतो हे त्याला कुणी दाखवत नाही. मग येतो ८०५१. त्याच्या सीमॉस अवतारात ‘पॉवर-डाउन’ अवस्था होती आणि मूळ रचनेत तिच्यातून बाहेर पडण्याचा एकच मार्ग होता, रीसेट. म्हणजे झोपलेल्याला उठवायचे तर त्याचा पुनर्जन्मच करायचा. त्या काळाला ते ठीक होते. प्रयोगशाळेतील संच आजही भिंतीतल्या सॉकेटवर चालतो. ज्या उपकरणाला कधी झोपावेच लागत नाही, त्याच्यावर जागे करण्याची विद्या शिकवणार कशी?

दुसरे मूळ कामाच्या विभागणीत आहे. मंडल एका शहरात आखले जाते, दुसऱ्या देशात जुळवले जाते, आणि ड्रायव्हर लिहिणारा तिसऱ्याच ठिकाणी एखाद्या वातानुकूलित मजल्यावर बसून नेटवर्कवरून दूरच्या बोर्डावर काम करतो. ही पद्धत साऱ्या सेवा-उद्योगात रूढ आहे. वेबसाइटसाठी ती उत्तम. झोपेच्या दोषासाठी ती आंधळी कोशिंबीर आहे. कारण यंत्र झोपायला निघाले की त्याचा कन्सोलही झोपतो, नोंदी नेमक्या हव्या त्या क्षणी थांबतात, नेटवर्कची जोडणी तर आधीच तुटलेली असते. दोष पाहायचा असेल तर बोर्ड टेबलावर हवे, त्या एका तारेवर ऑसिलोस्कोपची सुई हवी, बॅटरीच्या मार्गात प्रवाहमापक हवा आणि शेजारी मंडलाचा आराखडा उघडा हवा. आराखडा ‘गोपनीय’ म्हणून न देता त्याच मंडलाचा ड्रायव्हर दुरुस्त करून मागणे म्हणजे वैद्याला रोग्याची नाडी न दाखवता औषध मागणे. आणि काम ‘तक्रार किती दिवसांत मिटली’ यावर मोजले जात असेल, तर तीन आठवड्यांचा खरा शोध आणि एका दुपारची खोटी खूण यांत कोण जिंकणार हे सांगायला नको.

साधने नाहीत अशी सबबही चालणार नाही. ती कर्नलमध्येच आहेत आणि फुकट आहेत. ‘पीएम-टेस्ट’ ही सोय झोपेच्या जिन्यावर हव्या त्या पायरीपर्यंत उतरते, पाच सेकंद थांबते आणि परत फिरते. कोणत्या पायरीवर पाय घसरतो ते त्यातून कळते. ‘नो-कन्सोल-सस्पेंड’ हा पर्याय दिला की कन्सोल शेवटपर्यंत बोलत राहतो. कोणत्या वाहिनीने यंत्राला उठवले त्याचा क्रमांक ‘पीएम-वेकअप-आयआरक्यू’ या फाइलीत मिळतो. इंटरप्टांची मोजणी झोपेआधी एकदा आणि नंतर एकदा वाचली तर पुष्कळदा चोर तेथेच सापडतो. या चार गोष्टी आणि एक प्रवाहमापक, एवढ्या सामग्रीवर एका सत्राची प्रयोगशाळा उभी राहते. तिला फॅब लागत नाही.

झोप आणि जागृती यांचे मोल ज्या क्षेत्राला कळते, त्याचे वर्तनच निराळे असते. युरोपीय अवकाश संस्थेचे ‘रोझेटा’ यान जून २०११ मध्ये ९५७ दिवसांच्या निद्रेत गेले. २० जानेवारी २०१४ रोजी, पृथ्वीपासून सुमारे ८० कोटी किलोमीटरवर, त्याच्या आतल्या गजराने त्याला उठवायचे होते. संदेशासाठी एका तासाची मुदत धरली होती आणि तो आला तेव्हा तासातली थोडीच मिनिटे उरली होती. नंतरच्या तपासात कळले की उठण्याच्या क्रमात यानाचा मुख्य संगणक आपोआप रीस्टार्ट झाला होता. यान तर सापडले होते, आनंदोत्सवही झाला होता, प्रकरण तेथेच मिटवता आले असते. तरीही विलंब का झाला हे शोधले गेले आणि सांगितले गेले.

भारतातही हे घडले आहे, म्हणून तर राग अधिक. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘चांद्रयान-३’चा प्रज्ञान रोव्हर आणि मग विक्रम लँडर यांना चंद्ररात्रीपूर्वी निजवले गेले. प्रज्ञानची बॅटरी भरलेली होती, सौरपटल उगवत्या सूर्याकडे वळवलेले होते आणि हाक ऐकणारा रिसीव्हर चालू ठेवलेला होता. जागृतीच्या वाहिनीचे याहून नेटके उदाहरण पाठ्यपुस्तकातही मिळणार नाही. मोहीम चंद्राच्या एका दिवसापुरतीच आखलेली होती, ती पूर्ण झाली होती, आणि त्या गोठवणाऱ्या रात्रीसाठी ती उपकरणे घडवलेलीच नव्हती. पुढचे सारे केवळ आशेवर होते. २२ सप्टेंबरला इस्रोने हाका मारल्या आणि जाहीर केले की अद्याप कोणताही संकेत मिळालेला नाही. त्या वाक्यात सारवासारव नव्हती. चंद्रावर न उठलेल्या यंत्राविषयी देशाला एवढ्या सरळपणे सांगता येते, मग खालाच्या काठच्या खांबावरील यंत्र किती वेळा झोपले, किती वेळा उठले आणि कशाने उठले, हे विचारायला नगरपालिकेची निविदा का लाजते?

निविदेत काय असते? यंत्राचे वजन असते, खोक्याचा रंग असतो, हमीची वर्षे असतात, प्रोसेसरचा वेग असतो. झोपेतला प्रवाह किती, हे कधीमधी असते, तेही विक्रेत्याच्या माहितीपत्रकातून उतरवलेले. ते यंत्र हजार वेळा निजवून हजार वेळा बाहेरच्या हाकेने उठवून दाखवा, अशी अट क्वचितच आढळेल. ती घालायला कायदा बदलावा लागत नाही. स्वीकृतीच्या चाचणीत यंत्राला घड्याळाने नव्हे, संवेदकाच्या खऱ्या तारेने उठवावे. काही फेऱ्यांत हाक मुद्दाम झोपेच्या उंबरठ्यावर द्यावी. बॅटरीच्या मार्गातील प्रवाहाचा आलेख आणि इंटरप्टांची आधीची-नंतरची मोजणी सोबत मागावी. हजार झोपांनंतर हजार जागृतींचा हिशेब जुळला नाही, किंवा नोंदवहीत ‘कोणीच दखल घेतली नाही’ हे वाक्य एकदा जरी सापडले, तर ते खोके पैसे न देता परत पाठवावे.

हे काम करणारी मुले न्यू टाउनमध्ये आहेत. जादवपूर, शिवपूर, खरगपूर येथून शिकून ती तेथे येतात, पुणे-नागपूर-औरंगाबादहूनही जातात. त्यांच्या टेबलावर मंडलाचा आराखडा आणि एक ऑसिलोस्कोप ठेवायला ७६,००० कोटी लागणार नाहीत. आणि त्यांच्यापैकी एखाद्याने तीन आठवडे घालवून चार ओळी लिहिल्या, तर वरिष्ठाने त्याला इतके दिवस काय केलेस असे विचारण्याआधी त्या यंत्राचा झोपेतला प्रवाह एकदा मोजून पाहावा.